मख्ख चेहरा

सासूबाईंचं बोट फोनवर अधांतरी थांबलं. जरा डावीकडे गेलं, परत आलं, आणि नेमकं 'औषध मागवा'वर टेकलं. सुनेचा जीव भांड्यात पडला.

म्हाताऱ्या माणसांना घरबसल्या औषधं मागवता यावीत म्हणून निघालेलं हे ॲप. त्याची प्रत्येक स्क्रीन तिने आखली होती. आज शेवटची चाचणी. ठरलेल्या एक आजी ऐनवेळी आल्या नाहीत, म्हणून तिने सासूबाईंनाच बोलावून घेतलं होतं. चाचणीचा नियम एकच. समोरचा कितीही अडखळला तरी मदत करायची नाही. तिने हूं की चूं केलं नव्हतं.

कोपऱ्यात साहेब बसले होते. बढती मिळो की आग लागो, त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. ऑफिसात त्यांना सगळे मख्खसाहेब म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी.

"म्हणजे सगळ्यांना जमलं," साहेब म्हणाले. "टीम लीडसाठी तुझं नाव आज वर पाठवतो. आणखी काही सांगायचंय?"

"नाही सर."

या वाक्यासाठी तिने किती वर्षं कळ काढली होती. तिच्या मागून आलेले पुढे निघून गेले होते. आनंद पोटात मावेना. ती सासूबाईंना सोडायला लिफ्टपाशी आली.

"आई, किती पटापट केलंत तुम्ही."

"मला कुठलं जमतंय?" सासूबाई म्हणाल्या. "तू बघायचीस तिथे मी दाबत गेले. चुकायला लागले की तुझ्या कपाळाला आठी. मघाशी बाहेर ते माझ्याआधी चाचणी दिलेले आजोबाही म्हणत होते, पोरगी गुणाची आहे, सगळं डोळ्यांनी सांगते."

त्या कौतुकाने हसल्या. तिच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. म्हणजे पास झाला होता तो तिचा चेहरा. ॲपसोबत तो काही घरोघरी जाणार नव्हता. घरात एकट्या असलेल्या माणसाने भलतीच गोळी मागवली तर? गप्प बसलं तर कुणाला पत्ताही लागणार नाही, हेही तिला लख्ख दिसलं. तिला स्वतःची लाज वाटली.

"आई, खाली बसा जरा. आलेच मी."

साहेब अजून खोलीतच होते.

"सर, माझं नाव पाठवू नका. या चाचण्या खोट्या आहेत. मी सगळ्यांना चेहऱ्याने उत्तरं सांगत होते. माझं मलाच कळलं नाही. सगळं पुन्हा करावं लागेल."

साहेबांनी ऐकून घेतलं. चेहरा होता तसाच.

"कर पुन्हा. या वेळी तू खोलीबाहेर बस. नाव मी पाठवतोय."

मग हळूहळू तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं? मग तेव्हाच का नाही बोललात?"

"चाचणी चालू होती," मख्खसाहेब म्हणाले. "मदत करायची नसते."