डेसच्या ट्रकला नंबर मिळाला

डेसने जुना ट्रक शेडमध्ये घेऊन पार नटबोल्टापर्यंत खोलला, घासला, रंगवला. बायको कोरल चहा घेऊन आली की तो आतूनच ओरडायचा, "लांबूनच बघ गं. कशाला हात लावू नकोस."

अखेर हौसेची गाडी म्हणून ट्रकला नंबर मिळाला. जुन्या गाड्यांच्या क्लबातला व्हर्न शेतावर आला, पाटी लावू लागला आणि म्हणाला, "चल लेका, डब्बो गावापर्यंत एक फेरी मारू. अवजड गाडीचं लायसन्स आहे ना तुझ्याकडे?"

डेसच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. जन्मभर त्याने ट्रक हाकला, पण स्वतःच्या शेतात. तिथं लायसन्स विचारणार कोण, मेंढ्या?

"घ्या," तो कपाळावर हात मारून म्हणाला, "ट्रक पास आणि मालक नापास."

चहा घेऊन आलेल्या कोरलने कप खाली ठेवला आणि पर्समधून आपलं लायसन्स काढून व्हर्नला दाखवलं. शाळेची बस चालवता चालवता तिचे केस पांढरे झाले होते. किल्ली घेऊन ती ट्रकमध्ये चढली.

"डेस, तू पलीकडून ये," ती म्हणाली, "आणि कशाला हात लावू नकोस."