फाईल उघडी असेपर्यंत

पडद्यावर शून्य उमटलं आणि धन्यकुमारांनी टाइप झालेलं नाव तेव्हा कुठं वाचलं.

शून्य म्हणजे काम झालं. सकाळी त्यांनीच लिहिलं होतं: ‘रिमूव्ह हे फंक्शन दिलेल्या नावाची फाईल नष्ट करतं. जमलं तर शून्य परत देतं.’

प्रोग्रॅमिंगच्या सी भाषेतल्या तयार फंक्शन्सची, म्हणजे लायब्ररीची, मराठी पुस्तिका काही हौशी मंडळी मिळून लिहीत होती. सांगलीच्या तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या धन्यकुमारांकडे ‘रिमूव्ह’चं पान आलं होतं. त्यांची जुनी विद्यार्थिनी सबीना साताऱ्याहून ते तपासत होती. ‘सर, “नष्ट करतं” हे नक्की ना?’ एवढंच तिनं विचारलं. तेवढ्यानं त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला आणि ते पुन्हा पुन्हा चाचणी घेत बसले.

चाचणीसाठी ‘कचरा’ नावाची फाईल होती. ती मागच्याच खेपेला उडाली होती, नवी करायची राहून गेली. त्यांनी सवयीनं ‘क’ टाइप केला, उरलेलं नाव कॉम्प्युटरनं पुरं केलं. न वाचताच त्यांनी एंटर दाबलं.

उडाली होती ती ‘कस्तुरी’.

त्यात आवाज होता, एकदा जेवताखाताना सहज रेकॉर्ड करून ठेवलेला. मिरजेच्या दवाखान्यातून परतल्यापासून घरात तो आवाज नव्हता. दुसरी प्रत काढू काढू म्हणत राहिली होती.

आणि तरीही स्पीकरमधून तो हळू येतच होता. काम करताना ते तो लावून ठेवत. संपला की पुन्हा पहिल्यापासून. फाईल गेली, मग हे वाजतंय कसं? मफलरखाली घाम साचला.

खिडकीशी शेजारच्या शालूबाई आल्या. “आवं मास्तर, वायरमन आल्यात. फांद्या तोडणार हायत, लाईट जाईल आता. पाणी भरून घ्या.” मग कान देऊन म्हणाल्या, “परत त्येच लावलंय व्हय? लय मनाला लावून घेऊ नका.”

त्यांनी मान हलवली आणि सबीनाला सगळं लिहून पाठवलं. लगेच तिचा फोन आला. त्यांनी तो कट केला. ‘लिहूनच सांग.’

‘अजून तसेच बुजरे आहात, सर! प्लेअर बंद करू नका. फक्त नाव पुसलंय, फाईल अजून आहे. ज्या प्रोग्रॅमनं ती उघडलीय तो सोडत नाही, तोवर ती डिस्कवर राहते.’

‘लाईट जाणार आहे.’

‘यूपीएस?’

‘बिघडलाय.’

‘मग घाई करा.’

तिनं कमांडची एक ओळ पाठवली. प्लेअरच्या हातातली फाईल कॉपी करून लगेच डिस्कवर पक्की करणारी. त्यात चालू प्लेअरला कॉम्प्युटरनं दिलेला नंबर घालायचा होता. त्यांनी घातला. ‘अशी फाईल नाही.’ चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोन आकडे उलटसुलट झाले होते. बाहेर कुणीतरी ओरडलं, “बंद कर रं!” त्यांनी आकडे बदलून एंटर दाबलं.

नवी ओळ आली न आली तोच पडदा काळा झाला. आवाज मध्येच तुटला.

मग नुसती वाट बघणं. तेवढ्यात त्यांनी कच्च्या कागदावर ‘नष्ट करतं’ खोडलं आणि ‘नाव काढून टाकतं’ असं लिहिलं.

संध्याकाळी लाईट आली. ‘कस्तुरी’ हे नाव जागेवर होतं, पण आत काही आहे का, हे बघायचं धाडस होईना. शेवटी डोळे मिटून त्यांनी ती फाईल लावली.

“कस्तुरी,” स्पीकरमधून त्यांचाच जुना आवाज बोलला, “माझा चष्मा कुठं ठेवलास गं?”

“तुमच्याच डोक्यावर हाय,” नेहमीचं उत्तर देत कस्तुरीबाई देवदर्शन उरकून आत आल्या, आणि धन्यकुमारांचा मफलर सोडवून ऑपरेशननं आवाज नेऊन गळ्यात ठेवलेल्या श्वासाच्या भोकावरची ओली जाळी बदलू लागल्या.