चिंध्यांची पिशवी

वळ गावातल्या आपल्या जमिनीवर गोडाऊन उभं राहिलं आणि हातात भाड्याचा पैसा आला, तेव्हा दौलतने हौसेने एक जुनी घरगाडी घेतली. मागे पलंग, शेगडी, डोक्यावर पंखा. बायकोला, जानकीला घेऊन सगळा देश हिंडायचा बेत होता. गाडी ऑटोमॅटिक, तिचं गियर ऑइल इंजिन चालू ठेवूनच बघावं लागायचं. म्हणून जानकी ब्रेकवर पाय देऊन बसायची. हा बोनेट उघडून ऑइल मोजायची पट्टी उपसायचा आणि सवयीने शर्टालाच पुसायचा.

"आवो, शर्टाला कशाला पुसता? ह्यो डाग निघाचा न्हाय!" ती वरून ओरडायची.

शेवटी वैतागून तिने आपलं जुनं लुगडं फाडलं आणि सीटखाली चिंध्यांची पिशवीच भरून ठेवली.

आज गाडी बघायला गिऱ्हाईक यायचं होतं. आता जानकी नव्हती; ब्रेकवर मेकॅनिक नागसेन बसला. दौलतने पट्टी उपसताच त्याने सीटखालची पिशवी ओढली.

"काका, चिंधी देऊ?"

"नको रे. त्या पिशवीला हात लावू नको."


दौलतने पट्टी नव्याकोऱ्या पांढऱ्या शर्टाला पुसली, मग मुद्दाम पुन्हा एकदा पुसली. वरून कोणीच ओरडलं नाही.