चोवीस कुंड्या

गव्हाची तणाशी झुंज वर उजेडासाठी जास्त चालते की खाली पाण्यासाठी, हे शोधायला मी गच्चीवर चोवीस कुंड्या मांडल्या होत्या. प्रत्येकीत गव्हाचं एक रोप, तणाचं एक. काहींत दोघांच्या पानांमध्ये काच, काहींत मुळांमध्ये पत्रा. एका दुपारी आईने सगळं तण उपटून टाकलं. मी तडकलो, तर ती उलट माझ्यावरच डाफरली, “अरे, गव्हाच्या तोंडचा घास पळवतंय ते, आणि तू मोजत बसलास?” पुन्हा पेरून मी पाटी लावली: ‘आई, तण उपटू नकोस.’ तरी अधूनमधून एखादं गायब व्हायचंच, आणि ती मातकट बोटं पाठीमागे लपवायची. यंदा नव्या सहायिकेने विचारलं, “सर, आई आता नाहीत. पाटी काढू?” “राहू दे.” रोज सकाळी चहाआधी गच्चीवर जाऊन मी तण मोजतो. आजही चोवीसच्या चोवीस जागेवर आहेत.