तापलेलं बॉनेट

मुलगी अर्धी गाडीखाली शिरली होती, नुसते पाय बाहेर. आईने तेवढ्यात बॉनेटवर पंजा टेकवला आणि लगेच उचलला.

"बारक्या, ही गाडी किती दिवस उभी आहे म्हणालास?"

"आठ दिवस, काकू. कोणी हातसुद्धा लावला नाही."

बारक्या आता पंचावन्नचा होता आणि त्याच्या शर्टाची बटणं पोटावर ताणलेली होती. पण काकूंच्या नवऱ्याच्या गॅरेजात मिळालेलं नाव त्याला अजून चिकटून होतं. ही शेड मात्र त्याची स्वतःची.

"मग हिला ताप कसला आलाय?"

"सकाळी ऊन होतं ना."

"छपराखाली?"

मुलगी सरपटत बाहेर आली. हातात टॉर्च, कोपराला ग्रीस. लाल, दोन दारांची, उघड्या टपाची ती स्पोर्ट्‌स कार तिच्याहून दोन वर्षांनी मोठी होती. तिच्या वडिलांना तशीच एक हवी होती, पण ते गेले आणि ते राहूनच गेलं. आज बारा वर्षांची शिल्लक मोडून ती सही करायला आली होती. दारांच्या खालच्या पत्र्यावर तिने चुंबक फिरवलं होतं, ते कुठेच सुटलं नव्हतं. म्हणजे गंज झाकायला आत पुट्टी भरलेली नव्हती. इंजिन तेवढं लावून पाहायचं राहिलं होतं.

"आई, पुरे. बाबांच्या हाताखाली शिकलेला माणूस आहे."

"म्हणूनच विचारतेय."

आईने कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची फरफटत आणली आणि गाडीच्या नाकासमोर मांडून बसली. "थंड होऊ दे. मग लावू."

"अहो काकू, चार तास जातील!"

"जाऊ देत. म्हाताऱ्या माणसाला कसली घाई? आणि तू का घामाघूम झालास? इंजिन तापलंय, तू नाहीस."

मुलीने आईच्या कानाशी येऊन दात-ओठ खात म्हटलं, "तमाशा करू नकोस. माझे पैसे आहेत, मी बघेन." आईने पर्स मांडीवर घेतली आणि तिची चेन लावली. बारक्याने चहा मागवला. आईने तो घेतला नाही. मग त्याने उगाच दोनदा फोन केले, एक नट उचलून दुसऱ्या डब्यात टाकला, पुन्हा पहिल्या डब्यात टाकला.

तीन वाजता आईने पुन्हा पंजा टेकवला आणि या वेळी तिथेच ठेवला.

"आता लाव."

मुलीने चावी फिरवली. स्टार्टर कण्हला आणि थांबला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा इंजिन एकदाचं पेटलं आणि मागून निळ्या धुराचा लोट उठला. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आतून खडखडाट येत होता. मुलगी वडिलांच्या गॅरेजात वाढलेली होती, तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने इंजिन बंद केलं. तिचा चेहरा उतरला होता.

"पिस्टन ढिले झालेत," ती हळू म्हणाली. "तापलं की फुगतात आणि आवाज दबतो. पुरं इंजिन उघडावं लागेल. बारकूदादा, तुम्हाला माहीत होतं."

बारक्या फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते.

आई उठली. तिचा आवाज शेडभर घुमला. "माझ्या हातचं जेवून मोठा झालास तू! उस्तादांच्या मुलीच्या गळ्यात हे धूड बांधताना जीभ झडली नाही तुझी? अख्ख्या जन्मात त्यांनी एका गिऱ्हाइकाला असं—"

"काकू, बास!" बारक्याने फडकं जमिनीवर आपटलं. "सगळं माझ्याच माथी मारू नका. हे मला शिकवलं कोणी? उस्तादांनीच! रविवारी जुनी गाडी बघायला गिऱ्हाईक यायचं. तुम्ही बाजाराला गेलात की आम्ही इंजिन लावायचो. चांगलं अर्धा तास. 'हिला कळू देऊ नकोस बारक्या, घरात घेणार नाही मला,' म्हणायचे."

मुलगी आईकडे बघत राहिली.

आई मात्र बॉनेटकडे बघत होती. रविवारी बाजारातून आल्यावर पिशव्या खाली ठेवण्याआधी ती दारात उभ्या गाडीच्या बॉनेटला हात लावून बघायची. गरम असायचं. कुठं गेला होतात? कुठंही नाही, तुझी शपथ. ती शपथ तिने पंधरा वर्षं खोटी मानली. तिलाच ते गाडीतून फिरवतात असं धरून पलीकडच्या गल्लीतल्या शिंपिणीचं तोंड बघणं सोडलं, कपडे शिवायला पार स्टेशनापलीकडे जाऊ लागली. शिंपीण गेली तेव्हासुद्धा तिच्या दारात पाऊल टाकलं नाही.

"गाडी न्यायचे कुठं?" तिने विचारलं.

"न्यायची कशाला? जागेवरच उभी."

"कधीच नाही नेली?"

"छे! त्यात पेट्रोल कोण जाळणार?"

आईने हात उगारला. बारक्या दोन पावलं मागे सरला. पण हात बॉनेटवर पडला, सगळ्या ताकदीनिशी, आणि पत्रा थरथरला.

"अहो, मग तोंडानं सांगायचं होतंत की!"

बारक्याने दचकून मागे पाहिलं. शेडच्या दारात कोणीच नव्हतं.