भिवाआबांच्या बाटल्या

ही गोष्ट २०२२ सालची, सप्टेंबरातल्या एका दुपारची. दापोडीला रुळांमागच्या दोन खोल्यांच्या घरात मैत्री भाजीची पिशवी घेऊन शिरली आणि उंबऱ्यातच थांबली. आत सासूबाई कुणाशी तरी बोलत होत्या.

"जेवलात का?"

टक्.

"भाकरी केली व्हती. तुमाला आवडती तशी, पातळ."

टक्.

स्वयंपाकघरात कस्तुराबाई एकट्याच होत्या. कपाटासमोर मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात आमरसाच्या बाटल्या, आणि अंगठा एका झाकणावर. मैत्रीचे सासरे भिवाआबा जूनमध्ये वारले, तेव्हापासून त्या रोज दुपारी अशा बसत. बाटल्या पुसायच्या, एकेक झाकण दाबून बघायच्या, परत आत ठेवायच्या. उघडू मात्र कुणाला देत नसत.

हे दाबून बघणं आबांचंच. त्यांचं आयुष्य एका कंपनीच्या तपासणी खात्यात गेलं. निवृत्त झाल्यावर ते दर मे महिन्यात पिंपरीच्या मंडईतून आंबे आणायचे, रस काढून उकळायचे, आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत गरमगरम भरून उकळलेली झाकणं लावायचे. मग खुर्ची ओढून बाटल्यांसमोर बसायचे. रस निवला की पत्र्याचं झाकण आत ओढलं जातं आणि बारीक आवाज होतो. तो ऐकायला त्यांना कुणी शेजारी लागायचं नाही, रेडिओही नको असायचा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक झाकण अंगठ्यानं दाबायचे. हललं नाही तर बाटली चांगली. वाजलं तर आत हवा शिरली, रस गेला. दाबायचं ते एकदाच. पुन्हापुन्हा दाबलं की जुनी झाकणं कडेनं सैल पडतात, असं ते घरात सगळ्यांना बजावायचे.

"आई," मैत्री म्हणाली.

"ये, ये. बोलत्यात बघ आता. आधी ही एकच बोलायची, आता समद्या बोलत्यात." कस्तुराबाईंचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला होता. "जित्तेपणी मेला दिसाला चार शब्द बोलायचा न्हाई. आता बघ, इचारलं की उत्तर."

मैत्री खाली बसली. झाकणं मधोमध फुगली होती. त्यांच्यावरची रंगीत चित्रं बरोबर अंगठ्याएवढ्या जागेत घासून पांढरी पडली होती.

तेवढ्यात मैत्रीचा नवरा धम्मरत्न आला, महाळुंग्याच्या कंपनीत पहिली शिफ्ट करून. बूट काढता काढता त्यानं आईपुढच्या बाटल्या पाहिल्या.

"आज उघडताय की काय? आई, पाया पडतो, एक वाटी दे. आबांचा रस खाल्ल्याशिवाय हे वर्ष नको जायला."

"देते की. आज ते हो म्हणले."

कस्तुराबाईंनी झाकण फिरवलं. फस्स झालं. पिवळा फेस त्यांच्या बोटांवरून खाली आला आणि खोलीभर ताडीसारखा वास सुटला. तरी त्यांनी वाटी जवळ ओढली. मैत्रीनं ती काढून घेतली.

"नको आई. आंबलाय."

"फेस हाय नुसता. वरचा काढला की..."

"नाही, आई."

"त्यांच्या हातचं हाय ते!"

धम्मरत्नानं दुसरी बाटली दाबून पाहिली. टक्. तिसरी. टक्. मग त्यानं पुढच्या दाबल्याच नाहीत.

"सगळ्याच? आबांची एक बाटली कधी गेली नव्हती. यंदाच कशा गेल्या?"

कस्तुराबाईंनी झाकणावरचा पांढरा ठिपका पाहिला. मग स्वतःचा अंगठा पाहिला आणि तो मुठीत मिटून घेतला.

"झाकणं मी उकळली होती," मैत्री म्हणाली. "कामावर जायची घाई होती. लवकर काढली असणार."

कस्तुराबाईंनी मान वर करून सुनेकडे पाहिलं. झाकणं आबांनी स्वतः उकळली होती. त्यात चमचा घातला म्हणून बायकोवर खेकसले होते. मैत्री त्या वेळी घरातसुद्धा नव्हती.

"व्हय," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. "हिनंच उकळली."

"काय गं मैत्री! एवढं एक काम... आबांचं शेवटचं होतं ते." धम्मरत्न परत पायात बूट घालून बाहेर गेला.

मैत्रीनं मोरीत बसून एकेक बाटली रिती केली. उघडताना प्रत्येक झाकण वाजत होतं. कस्तुराबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. शेवटची बाटली ओतून झाली, तसं त्यांनी विचारलं, "काई म्हणले का गं?"

मैत्रीनं नळ मोठा सोडला.

त्यानंतर कस्तुराबाई दोन वर्षं जगल्या. सुनेनं म्हाताऱ्याचा शेवटचा रस घालवला, हे त्या आल्यागेल्याला सांगत. पण मैत्री कामावरून आल्याशिवाय जेवायला बसत नसत. अखेरच्या आजारात त्यांनी धम्मरत्नाच्या हातून पाणीसुद्धा घेतलं नाही, मैत्रीच हवी असे. धम्मरत्न महाळुंग्याच्याच कंपनीत आहे, आता सुपरवायझर झाला आहे. आमरस दर मे महिन्यात मैत्री भरते. आंबे निवडणं, गाळणं, उकळणं, सगळं तीच करते. झाकणं मात्र धम्मरत्न रजा काढून स्वतः उकळतो, आणि तेवढा वेळ बायकोला शेगडीजवळ येऊ देत नाही.