हाताला न लागणारी सजावट

“माणसानं विस्तव पेटवला, त्याच दिवशी घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची जबाबदारी त्याच्या डोक्यावर आली,” वायरमननं स्टुलावरून जाहीर केलं. पुढचं भाषण तहकूब झालं, कारण दिव्यांची माळ त्याच्याच गळ्यात अडकली आणि ती बहिणीला सोडवावी लागली.

सणाच्या सुट्टीनिमित्त त्याची लेक येणार होती. तो परतून बहिणीकडे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. तिच्या आईनं फोनवर बजावलं होतं, एक दुपार पाठवते. काही कमीजास्त झालं, तर पुन्हा नाव काढायचं नाही.

म्हणून काचेचे गोळे माळ्यावर गेले. मेणबत्त्या जाऊन सेलवरचे दिवे आले, त्यांच्या झाकणांना स्क्रू बसले. कागदी चांदण्यांवरच्या टिकल्या त्यानं नखानं खरवडल्या. चांदण्यांना कांजिण्या येऊन गेल्यासारखं दिसू लागलं.

“दादा, थोडी शोभा राहू दे की.”

“शोभा घशात अडकते.”

“अरे, पण ती आता…”

“आता हट्टी झाली असेल, ठाऊक आहे. माझ्यावर गेलीय. दिसेल ते तोंडात कोंबते.”

टेबलाच्या कोपऱ्याला तो फडकं बांधू लागला, तेव्हा बहिणीनं टोक धरलं.

मग तो घरभर रांगला. खालून काय काय हाताला लागतं, ते बघायला हवं होतं. सोफ्याखाली एक टाचणी, एक मणी आणि मेहुण्यांचं सिगारेटचं पाकीट सापडलं. पाकीट आपलं नाहीच, असं मेहुणे शपथेवर म्हणाले.

“आत सगळे तसंच सांगायचे,” वायरमन म्हणाला. त्यावर कोणी हसलं नाही.

बेल वाजली. तो दारापाशी जाऊन नुसताच उभा राहिला.

“उघड ना,” बहीण हळूच म्हणाली. “इथे आपलं आपणच उघडायचं असतं.”

त्यानं कडी काढली, दार ओढलं आणि चटकन उकिडवं बसून दोन्ही हात पसरले.

समोर जीन्समधले दोन लांब पाय होते. त्यानं मान वर केली. अजून वर केली.

खांद्याला कॉलेजची बॅग लावलेली मुलगी अवघडून एक पाऊल मागे सरली.

“काका, जरा बाजूला होता का?” ती म्हणाली. “मला बाबांना भेटायचंय.”